सात नंबर, मुक्काम सिहोरा

मी सात नंबर बोलतोय.

दवाखान्यातल्या खाटेचा नंबर नव्हे, एसटीतल्या सीटचाही नव्हे. मी गोल्फ खेळायची लोखंडी काठी. आमच्यात ज्याला त्याला नंबर असतो, माझा सातवा. वर रबराची मूठ, मध्ये सडपातळ पोलादी अंग, खाली लोखंडाचं डोकं. हे डोकं जरा मागे कललेलं आहे. नव्या माणसाला वाटतं, आपलं बोलणं ऐकून यानं तोंड फिरवलं. कधी कधी ते खरंही असतं.

मुक्काम सिहोरा, तालुका तुमसर, जिल्हा भंडारा. तुम्ही विचाराल, धानाच्या बांध्यांमध्ये गोल्फची काठी काय करते? घरधनीण धुरपताबाई हेच गेली सव्वीस वर्षं विचारते आहे. तिला कोणी धड उत्तर दिलं नाही, तुम्हाला मी देतो.

शिक्षणाचं आधीच सांगून टाकतो. शाळा मी बाहेरून पाहिली. एकदा तिच्या नवऱ्यानं, जागेश्वरनं, मला शाळेच्या भिंतीला टेकवलं आणि विसरून गेला, तेव्हा खिडकीतून बाराचा पाढा ऐकला, तोही अर्धा. म्हणून माझ्या बोलण्यात चुका काढायला बसू नका. दमाल.

जन्म माझा परदेशातल्या कारखान्यात. भट्टीत लाल झालो, साच्यात पडलो, पाण्यात चर्र केलं आणि डोक्यावर आकडा ठोकून घेतला. एका थैल्यात आम्ही चौदा भावंडं. सगळ्यात मोठ्याचं डोकं भोपळ्याएवढं. तो बाहेर निघाला की लोक श्वास धरायचे, आणि तो चेंडू झाडीत घालवायचा. सगळ्यात धाकट्याचं काम फक्त चेंडूला खड्ड्यात ढकलायचं, पण टाळ्या सगळ्या त्यालाच. मी मधला. मधल्याचं घरात काय होतं, ते तुमच्यात कोणी मधलं असेल त्याला विचारा.

आमचे धनी दस्तूर साहेब. मुंबईचे पारशी. गोल्फ हाच त्यांचा पोटापाण्याचा धंदा. देशोदेशी खेळून आलेले, घरात कपाटभर करंडक. नाकावर उन्हाचा कायमचा लाल पट्टा, आणि कान एवढे की टोपी डोक्यावर कमी, कानांवर जास्त टेकलेली. दर थंडीत नागपूरच्या बाहेर एका मैदानावर मोठी स्पर्धा व्हायची. तिथं ते यायचे. तिथंच त्यांना जागेश्वर भेटला.

जागेश्वर सिहोऱ्याचा. धान कापलं, चुरलं, कोठीत भरलं की हा मोकळा. मग तुमसरला येऊन गाडी पकडायची आणि होळीपर्यंत त्या मैदानावर साहेब लोकांचे थैले वाहायचे. या कामाला कॅडी म्हणतात. त्यानं सासऱ्याला कळवलं, 'मी कॅडी झालो.' सासऱ्यानं 'गाडी' ऐकलं आणि जावयानं गाडी घेतली म्हणून गावभर साखर वाटली. पुढं दोन वर्षं जागेश्वर सासरी गेला की पोरं त्याच्या मागंमागं रस्त्यापर्यंत बघायला यायची, गाडी कुठं उभी केली म्हणून.

बाकीचे खेळाडू हाक मारायचे, 'ए कॅडी!' दस्तूर साहेबांनी पहिल्याच दिवशी नाव विचारलं, आणि पुढल्या थंडीत आल्यावर न विचारता घेतलं. पण जागेश्वरचा जीव जडला तो एवढ्यावरून नाही. आमचा फटका बसला की गवताचा एक पापुद्रा मातीसकट उडून पुढं पडतो. इतर लोक चेंडूमागं चालू लागत. दस्तूर साहेब आधी तो पापुद्रा उचलायचे, उघड्या पडलेल्या मातीवर परत बसवायचे, बुटानं हलकेच दाबायचे, मग पुढं जायचे. जागेश्वरनं हे पहिल्यांदा पाहिलं आणि थैला खाली ठेवून बघतच राहिला. झाडाखाली बसलेल्या कॅडींना त्यानं सांगितलं, "आपला सायेब पारशी असन, पन हात रोवन्याच्या बाईचा हाय." रोवणा म्हणजे चिखलात धानाची रोपं लावणं.

त्या झाडाखाली कॅडींचं एक भांडण कायम चालू असायचं. कोणता खेळाडू लेजंड? एक म्हणायचा, ज्याचे करंडक जास्त तो. दुसरा म्हणायचा, ज्याचा चेंडू लांब जातो तो. तिसरा म्हणायचा, ज्याचा फोटो पेपरात येतो तो. जागेश्वरला तो शब्दच नवा. त्यानं सरळ साहेबांना विचारलं, "साब, लेजंड मतलब?"

साहेब मला पुसत होते. हसले. म्हणाले, "जिसके झूठे किस्से भी लोग सच मान लेते हैं."

हे वाक्य लक्षात ठेवा. मला पुढं कामाला येणार आहे.

आता तो दिवस. सव्वीस वर्षांपूर्वीची थंडी, स्पर्धेचा शेवटचा दिवस, शेवटचा खड्डा. दस्तूर साहेब आणि दुसरा एक तरुण खेळाडू बरोबरीत. आमचा चेंडू उतारावर, विरळ गवतात थांबलेला. साहेबांनी थैल्यातून मला काढलं. मुठीवर त्यांची बोटं बसली. जागेश्वर म्हणायचा की पऱ्ह्यांची, म्हणजे धानाच्या रोपांची, जुडी धरावी तसा साहेब काठी धरतो, दाबली तर चुरगळते, सोडली तर विखुरते. अगदी तसंच. मला त्यांनी चेंडूमागं गवतावर टेकवलं.

मी टेकलो. माझ्या भारानं गवताचं एक पातं वाकलं. पात्यानं चेंडूला धक्का दिला. आणि चेंडू हलला. किती? धानाच्या एका दाण्याइतका.

तो दुसरा खेळाडू पन्नास पावलांवर पाणी पीत होता. पंच घड्याळ बघत होते. लोक दोरीपलीकडं. ते हलणं चौघांनाच ठाऊक होतं. मला, चेंडूला, साहेबांना, आणि थैल्याशेजारी उकिडव्या बसलेल्या जागेश्वरला.

साहेबांनी हात वर केला. पंच आले. साहेब म्हणाले, "बॉल हिला. मेरा एक स्ट्रोक जोड़िए." आमच्या खेळात ज्याचे फटके कमी तो जिंकतो, आणि चेंडू असा हलला तर एक फटका दंड.

पंचांचा चेहरा पडला. त्यांनाही साहेबच जिंकायला हवे होते. ते जागेश्वरकडं वळले. "तू तो बाजू में था. तूने देखा?"

आणि जागेश्वर, बारा थंड्या ज्यानं त्या माणसाचा थैला वाहिला तो जागेश्वर, छातीवर हात ठेवून म्हणाला, "नहीं साब. कुछ नहीं हिला."

पंच खूश. म्हणाले, "देखिए, ये भी कह रहा है."

साहेबांनी जागेश्वरकडं पाहिलं. रागावले असते तर बरं झालं असतं. नुसतं पाहिलं, आणि म्हणाले, "जोड़िए."

एका फटक्यानं हरलो आम्ही. करंडक तो पाणी पिणारा घेऊन गेला.

संध्याकाळी बूट धुवायच्या नळाजवळ जागेश्वर थैला पुसत होता आणि नाक ओढत होता. साहेब आले. थैल्यातून मला उपसलं, एक चेंडू काढला, दोन्ही त्याच्या हातात दिले. "तूने मेरे लिए बोला, मालूम है. पर जागेश्वर, गिनती मेरी है." मग त्याच्या खांद्यावर थोपटून म्हणाले, "ये तू रख. मैं आऊँगा तेरे गाँव. तालाब के किनारे खेलेंगे. तब तक इसको जंग मत लगने देना."

जागेश्वरनं तोंड उघडलं. 'हिला था, साब.' तीन शब्द. मी त्याच्या हातात होतो, त्याचा तळवा घामानं भिजलेला. शब्द ओठापर्यंत आले आणि तिथंच बसले. साहेबांची गाडी गेली. तीन शब्द राहिले.

घोंगडीत गुंडाळून मी सिहोऱ्याला आलो.

इथं माझी ओळख झाली 'वाकडी'. जागेश्वरच्या बायकोनं, धुरपताबाईनं, माझ्याकडं वरपासून खालपर्यंत बघून विचारलं, "अवो, बारा वर्सं ओझं वाह्यलं, अन् हे वाकडी देली त्यानं?" दुसऱ्या दिवसापासून मी कामाला. शेवग्याच्या शेंगा पाडल्या. कोंबड्या हाकलल्या. बकरीची दोरी सांभाळली. एका वर्षी गणपतीच्या मांडवात बांबू कमी पडला, तर दहा दिवस मी पडदा धरून उभा. परदेशात जन्मलेल्या पोलादाची ही तऱ्हा. आरतीला मात्र पहिल्या रांगेत होतो, खोटं कशाला बोलू.

पण दर वर्षी धान कोठीत गेलं की जागेश्वर मला घेऊन ओट्यावर बसायचा. जवसाच्या तेलानं डोकं, अंग, एकेक खाच चोळायचा. मग मूठ धरायचा, अगदी साहेबांसारखी, आणि रस्त्याकडं बघत राहायचा.

नवीन वर्षाचं एक कार्ड आलं साहेबांचं. दुसऱ्या वर्षी दुसरं. त्यात लिहिलं होतं, 'घुटना ख़राब है. अगले साल ज़रूर.' त्या कार्डाच्या घड्या मोडेपर्यंत ते वाचून झालं. तिसरं कार्ड आलं नाही.

जागेश्वर दिवाळीनंतर एसटी स्टँडवर जाऊन उभा राहायचा. चारची गाडी आली की एकेक उतरणारा माणूस बघायचा. टोपीवाला कोणी? मोठ्या कानांचा कोणी? त्या गाडीचा कंडक्टर भैयाजी. आमच्याच गावचा, जागेश्वरच्या वर्गातला, जिभेला हाड नसलेला. तो दारात लटकूनच ओरडायचा, "नाही आला बे तुझा एजंट! जा घरी, उद्याच्या गाडीनं येईन तो!"

हे 'एजंट' कुठून आलं, ते ऐका. जागेश्वरनं पानठेल्यावर सगळ्यांना सांगितलं होतं, आपला साहेब गोल्फातला लेजंड. लोकांनी ऐकलं एजंट. आठ दिवसांत तिघं जण येऊन विचारून गेले, विम्याचा का जी? टेकचंद तर पोरीच्या नावाची कागदं घेऊनच आला. जागेश्वरनं समजावलं, साहेबानं एका दिवसात चार बर्डी मारल्या. बर्डी नावाचा नागपूरचा बाजार सगळ्यांच्या माहितीचा. भैयाजी म्हणाला, "एका दिवसात चार खेपा बर्डीले? अन् घेतलं काय तिथून?" गोल्फमध्ये बर्डी म्हणजे एक फटका वाचवणं, हे सांगेपर्यंत पानठेला हसून लोळला होता.

आणि मग तो एका फटक्याचा किस्सा. जागेश्वर तो दर वर्षी मंडईच्या जत्रेत सांगायचा. चेंडू दाण्याएवढा हलला, कोणी पाहिलं नाही, साहेबानं स्वतः सांगितलं आणि करंडक सोडला. स्वतः पंचांना काय म्हणाला, तेवढं मात्र गाळायचा. तिथं आला की खोकायचा. मला माहीत होतं तो खोकला कशाचा.

किस्सा कोणीच खरा मानला नाही. त्याचा पोरगा मनिष वरठीच्या कारखान्यात आहे, दर रविवारी मोटरसायकलनं येतो. त्यानं मोबाईलमध्ये शोधलं. त्या वर्षीच्या स्पर्धेपुढं जिंकणाऱ्याचं नाव होतं, दस्तूर साहेबांचं नव्हतं. भैयाजीला तर सणच. "बत्तीस वर्सं तिकिटं फाडली म्या. बारा वर्साचं पोट्टं मांडीवर घेऊन माय म्हन्ते, पाच वर्साचं हाय. पोट्टं सोतः म्हन्ते, पाच वर्साचा हाव! अन् तुझा एजंट कोनी न पाह्यता सांगते, माझी चुकी झाली? फेकून राहिला बे तू."

साहेबांचं ते वाक्य आठवा. ज्याचे खोटे किस्से लोक खरे मानतात तो लेजंड. आमच्या साहेबांचं उलटंच झालं. खरा किस्सा, आणि सव्वीस वर्षं खोटा ठरला.

यंदाची मंडई. आमच्याकडं दिवाळीनंतर गावोगावी मंडई भरते. पाव्हणेरावळे येतात, दुकानं लागतात, दिवसा दंडार म्हणजे नाचगाण्याचं नाटक, आणि लाऊडस्पीकर सगळ्यांच्या वर. भैयाजी आता रिटायर झालेला, पण तोंड ड्युटीवर. चहाच्या दुकानापुढं त्यानं जागेश्वरला गाठलं.

"का बे, आला का औंदा?"

जागेश्वरनं नकाराची मान हलवली. अडुसष्ट वर्षांचा झालेला. मला काठीसारखा टेकत आला होता.

"किती दिवस सांगशीन हे कहानी? चाल, आज एकदाचं नक्की करू. आखरावरून पाळीपर्यंत. सहा फटक्यात चेंडू खड्ड्यात टाक. टाकला त मी माईकवर जाऊन सांगतो, दस्तूर सायेब लेजंड, त्याचा किस्सा सोळा आने खरा. नाही टाकला त हे कहानी बंद. मरेपर्यंत. अन् वाकडी माझी. मले चिचा पाडाले पायजेच होती."

चिचा म्हणजे चिंचा, आणि पाडणार मी.

जागेश्वरनं माझ्याकडं बघितलं. मग म्हणाला, "चाल."

गावाच्या बाहेर आखर आहे. सकाळी गुरं रानात न्यायला जिथं गोळा करतात ती मोकळी जागा. तिथलं गवत गुरांनीच कातरलेलं, साहेबांच्या मैदानावर यंत्र काय कातरेल असं. आखरापासून तलावाच्या पाळीपर्यंत, म्हणजे बांधापर्यंत, चारशे पावलं. पाळीखाली खड्डा करून त्यात पितळी गडवा, म्हणजे तांब्या, पुरला. गडवा कोणाचा, तर धुरपताबाईच्या माहेरचा. हे तिला कोणी विचारलं नव्हतं. ती आली ती ओरडतच. "माझ्या मायचा गडवा मातीत घातला? तुमी दोघं बुढे झाले, का बह्याड झाले?" अर्धी मंडई तिच्या मागं आलेली. दंडारवाले ढोलकी गळ्यात अडकवून आले.

साहेबांचा तो चेंडू निघाला. दातासारखा पिवळा पडलेला. जागेश्वरनं चप्पल काढली, पाय रोवले. सव्वीस वर्षांत मी शेंगांना लागलो होतो, कोंबड्यांना लागलो होतो, एकदा भैयाजीच्या कुत्र्यालाही. चेंडूला नाही. मी मनात म्हटलं, बावा, हात साहेबांचा आठव.

टक्.

काय सांगू तुम्हाला. तो आवाज. चेंडू माझ्या कपाळाच्या बरोबर मध्यावर बसला आणि मुठीपर्यंत झिणझिणी गेली. सव्वीस वर्षांचं जवसाचं तेल त्या एका आवाजात वसूल झालं. चेंडू उठला, पिंपळाच्या शेंड्याबरोबर गेला आणि शंभर पावलांवर पडला. ढोलकीवाल्यानं थाप मारली. भैयाजीचं पान तोंडातच राहिलं.

दुसरा फटका म्हशीच्या पाठीला लागून लाखोरीच्या शेतात. म्हशीनं मान वळवून पाहिलं, पाव्हणी असेल, काही बोलली नाही. तिसऱ्यात लाखोरीतून बाहेर. चौथा चांगला. पाचवा इतका सुरेख की चेंडू घरंगळत गडव्यापासून चार हातांवर येऊन थांबला.

उरला एक. चार हात. धुरपताबाईनंही ढकलला असता.

लोक दाटून उभे. भैयाजी गुडघ्यांवर हात ठेवून अगदी समोर वाकलेला, तिकीट चुकवणाऱ्याला पकडावं तसा. जागेश्वरनं घाम पुसला. मला चेंडूमागं टेकवलं.

आणि मी टेकलो. माझी शपथ, मी काही केलं नाही. एक काडी वाकली. चेंडू हलला. दाण्याइतका.

मी गप्प. चेंडू गप्प. भैयाजीनं डोळ्याची पापणी हलवली नाही, त्याला दिसलं नव्हतं. पोरं ओरडत होती, "मारा आबाजी, मारा!" जागेश्वरचा तळवा माझ्या मुठीवर भिजला. तो घाम मी ओळखला. नळाजवळचा घाम.

म्हाताऱ्या, मार, असं मीच म्हणालो. खोटं नाही बोलत. चिंचा पाडायच्या नव्हत्या मला. शेंगा, बकरी, पडदा, सगळं झालं होतं, आता त्या भैयाजीच्या चिंचा नकोत. मार, सहावा आहे, टाक.

जागेश्वर सरळ उभा राहिला. म्हणाला, "हल्ला."

"काय हल्ला?" भैयाजीनं विचारलं.

"चेंडू. माझा एक वाढवा. सहा झाले. आता सातवा."

त्यानं चेंडू दाण्याइतका मागं ठेवला, हलकेच ढकलला. गडव्यात टण्ण. सात.

कोणाला काही कळेना. ढोलकीवाल्यानं थाप मारू की नको म्हणून हात वरच ठेवला. भैयाजी चिडला. जिंकून चिडलेला माणूस मी पहिल्यांदा पाहिला. "कुठी हल्ला? मी इथीच उभा हावो! मले नाही दिसला!"

"तुले नाही दिसला, म्हनूनच त सांगून राहिलो."

"अबे पन काहून? तू हारला ना!"

जागेश्वर माझ्यावर भार देऊन उभा होता. हळूच बोलला, पण मागच्या शेवटच्या माणसालाही ऐकू गेलं. "त्या दिवशी मले दिसला होता, भैयाजी. सायेबाचा चेंडू हल्ला, मी डोयानं पाह्यला. पंचानं इचारलं. मी म्हन्लं, नाही हल्ला. सायेबाले खोटं पाडलं म्या, त्याच्याच भल्यासाठी. त्यानं सोतः सांगितलं म्हनून त्याचं खरं राह्यलं. माझं सव्वीस वर्सं खोटंच हाय."

धुरपताबाई गडवा उपसायला वाकली होती. तशीच थांबली. "म्हनून झोपीत म्हन्ता का तुमी, 'नहीं हिला साब, नहीं हिला'? मले वाटे, भूकंपाचं सपन पडते."

कोणीतरी हसलं. मग कोणीच नाही हसलं. तिनं पदरानं गडवा पुसला आणि जागेश्वरचा दंड धरून उभी राहिली. एवढ्या वर्षांत मी तिला असं उभं पाहिलं नव्हतं.

जागेश्वरनं मला आडवं धरून भैयाजीपुढं केलं. "घे. तुझी. कहानीबी बंद."

भैयाजीनं मला घेतलं. त्याच्या हातात मी पहिल्यांदाच. तिकीट फाडून फाडून अंगठा चपटा झालेला. त्यानं मला उलटं पालटं करून पाहिलं, डोक्यावरचा सात वाचला, आणि मंडईकडं चालू लागला. थेट माईकपाशी. लाऊडस्पीकर खरखरला.

"मंडईतल्या सर्व पाव्हण्याइले कळवन्यात येते का, मी शर्त जिकलो. जिकलो, पन मले बोलाचं हाय. बत्तीस वर्सं म्या एसटीत कंडक्टरकी केली. लेजंड म्हंजे काय, मले आज समजलं. ज्या गाडीत कंडक्टरच नाही, त्या गाडीत जो तिकीट काढते, त्याले लेजंड म्हन्ते. असा एक दस्तूर सायेब. अन् दुसरा आपल्या गावात हाय, सिहोऱ्यात, पाळीखाली उभा हाय, त्याची बायको त्याले घरी नेऊन राहिली. बस्स. दंडार चालू करा."

आता मी भैयाजीच्या घरी दाराआड उभा आहे. चिंचा? एकही नाही पाडली त्यानं. पोरं मागायला आली की ओरडतो, "हात नोको लावू, लेजंडची हाय!" शर्तीप्रमाणे जागेश्वर किस्सा सांगत नाही. किस्सा भैयाजी सांगतो. त्याच्या तोंडी साहेबांनी एका दिवसात नऊ बर्डी मारल्या, चेंडू मोहरीएवढा हलला आणि पंच ढसाढसा रडला. लोक सगळं खरं मानतात. साहेब, ऐकताय ना? झालात तुम्ही लेजंड, तुमच्याच व्याख्येनं.

आणि जागेश्वर दर दोन दिवसांनी सहज म्हणून येतो. सहज येणाऱ्याच्या खिशात जवसाच्या तेलाची बाटली कशी असते, ते भैयाजी विचारत नाही. तो नुसता मला ओट्यावर आणून ठेवतो. जागेश्वर तेल चोळतो. चार वाजता गाडीचा हॉर्न वाजतो. दोघंही म्हातारे मान वळवतात. आता भैयाजीही वळवतो. उतरणारे उतरतात, गाडी पुढं जाते, आणि भैयाजी हळूच म्हणतो, "उद्याच्या गाडीनं येईन तो, बावा." चिडवत नाही.

वाचणाऱ्या माणसा, माझं एक काम कर. मी काठी, मला चालता येत नाही. तुला कधी, कुठं, एक उंच म्हातारा दिसला, गुडघा दुखरा, नाकावर लाल पट्टा, टोपी कानांवर टेकलेली, आणि तो वाकून उखडलेलं गवत परत जागेवर बसवत असला, तर त्याच्याजवळ जा. सांग त्याला, सात नंबरला जंग लागलेला नाही. तलाव भरलेला आहे. आखर गुरांनी कातरून ठेवलंय.

आणि सांग, जागेश्वर म्हणतो, हिला था, साब.